जनूनानांचा गाळलेला करंट

सापगावात भाड्याच्या खोल्या बघायला गेलो, तेव्हा घरमालकाने मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. "मास्तर, तुमच्याकडं मिक्सर हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी हो म्हटलं. "इस्तरी?" तीही होती. "पाणी तापवायचा रॉड?" मी जरा चिडूनच म्हटलं, "आहे. का बरं?" तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "दिवेलागणीपासून जेवणापर्यंत यातलं कायबी लावायचं नाय. कबूल असंल तर खोल्या बगा. नायतर चहा घेऊन जावा, राग नाय."

मला हसू आलं आणि रागही आला. पण शाळा शहापुरात, घर मुरबाडच्या पलीकडे, आणि रोजच्या एसटीने कंबरडं मोडलेलं. खोल्या हव्याच होत्या. बायकोला, सुनंदाला, ही अट सांगितली तर ती म्हणाली, "म्हणजे आता चटणीसुद्धा मुहूर्त बघून वाटायची?" पुढे कितीतरी वर्षं तिने चटणी सकाळीच वाटली.

हे आमचे घरमालक म्हणजे जनूनाना. पाळण्यातलं नाव जनार्दन, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. वाशिंदच्या एका कारखान्यात मोठमोठ्या यंत्रांपाशी उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि मग घरच्या भाताच्या खाचराकडे परत आले. उंच, काटकुळा माणूस. अंगात लेंगा आणि बाह्यांची गंजी, शर्ट फक्त गावाबाहेर जाताना. बोलणं मोजकं, पण बोलले की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. यंत्राच्या घरघरीत बोलायची सवय लागलेली, ती गेली नव्हती. इंदूकाकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "यांनी कानात सांगितलेलं पन गावाला कळतं."

नानांच्या घरात एक गाण्याची खोली होती. पूर्वी तिथे भाताची कणगी असायची. कणगी पडवीत गेली आणि तिच्या जागी टेप, अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर आले. पण खोलीत शिरलं की आधी नजर जायची ती समोरच्या भिंतीकडे. तिथे गाणं वाजवणाऱ्या यंत्रांना सांभाळणारी यंत्रं होती. वरती विजेचा झटका अडवणारा पत्र्याचा डबा, त्याखाली व्होल्टेज सरळ करणारा स्टॅबिलायझर, त्याच्या शेजारी जमिनीवर काळा, धोंड्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर, आणि शेवटी लाल दिव्याचा प्लगबोर्ड. एवढ्या सगळ्यांच्या हाताखालून गेल्यावर मग कुठे करंट टेपपर्यंत पोचायचा.

"इहिरीचं पानी आपन तसंच पितो काय?" नाना मला समजावून सांगायचे. "हंड्यावर फडकं लावतो ना? मग करंट कसा तसाच घ्यायचा? तो कुठून कुठून येतो. भिवंडीच्या मागांची घाण, फॅक्टऱ्यांची घाण, आमच्या भिवाच्या गिरणीची घाण, सगळी घेऊन येतो. गाळूनच घ्यायला पायजे." हे शास्त्र त्यांनी शहापूरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून अर्धं उचललं होतं आणि अर्धं स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. त्यातलं खरं किती, खोटं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. करंट गढूळ असतो यावर मात्र त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा होती.

स्टॅबिलायझरवर एक काटा होता. तो दोनशे तीसवर येऊन स्थिर झाल्याशिवाय नाना टेपला हात लावत नसत. समोर कोण बसलंय याच्याशी काट्याला काही देणंघेणं नसायचं. एकदा आमचे मुख्याध्यापक हौसेने गाणं ऐकायला आले. काटा खाली रेंगाळत होता. "येईल," नाना म्हणाले. चहा आला, पोहे आले, मुख्याध्यापकांनी शाळेचं सगळं राजकारण सांगून संपवलं, आणि शेवटी काहीही न ऐकता ते उठले. ते गेल्यावर नाना मला म्हणाले, "तुमचे सायेब फार घायकुतीला येतात हां."

परसात केळीच्या बुंध्याशी अर्थिंगचा खड्डा होता. त्यात कोळसा, मीठ आणि खाली तांब्याचा पत्रा. तो पत्रा म्हणजे काकीच्या लग्नातला हंडा. बाजारातलं तांबं आता पातळ येतं म्हणून नानांनी तो ठोकून सपाट केला आणि पुरला. काकी हे कुणालाही सांगायला कमी करत नसे. "म्हायेराहून दोनच वस्तू आल्या, हंडा नि मी. हंडा यांनी पुरला, आता मी र्‍हायले." नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि खड्ड्यात पाण्याची बादली ओतायचे. जमीन सुकली की अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली असतानाही त्या खड्ड्याला रोज पाणी मिळायचं. काकीची तुळस त्याच पाण्यावरून कुरकुर करत जगायची, म्हणजे कुरकुर काकी करायची.

आणि वीज कडाडली की नाना धावायचे. माहुलीच्या डोंगराच्या अंगाला नुसतं गडगडलं, की हा माणूस जिथे असेल तिथून उठायचा आणि लेंगा सावरत घराकडे पळत सुटायचा, आणि पळताना दोन्ही बाजूंच्या घरांना ओरडून सांगायचा, "पलग काढा रे! पलग काढा गो!" खाचरातून पळाले, पारावरून पळाले, एकदा तर सोयऱ्यांच्या घरच्या तेराव्याच्या पंगतीतून उष्ट्या हाताने पळाले. त्यांची मुलगी मंदा मुरबाडला दिलेली. तिच्या मुलाच्या बारशाला गेले असताना तिकडे आभाळ भरलं, तर पाळण्यापासून उठून त्यांनी मला फोन केला, "मास्तर, हिकडं लागलंय. तिकडं येईल आता. काढा." गल्लीतली माणसं हसायची, पण प्लग काढायची. आमच्या गल्लीत टीव्ही जळाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, एखाद्याला असतो नाद. कुणाला कबुतरांचा, कुणाला भजनाचा, यांना करंटचा. मग एका एकादशीला नानांनी मला आत बोलावलं आणि काही न सांगता एक कॅसेट लावली. गावच्या देवळातलं भजन होतं. आवाज साधेच, पेटी जरा उतरलेली, पण रंगलेलं. शेवटी गजर चढत चढत गेला, मृदंगाची थाप पडली आणि सगळे एकदम थांबले. आणि त्या शांततेत एकच टाळ एकदा जास्त वाजला. खण्ण. त्यामागून सगळी मंडळी हसली. टेप तिथेच संपली.

"आमचा दिन्या," नाना म्हणाले. "कायम एक टाळ जास्त मारायचा. बुवांनी किती शिव्या घातल्या. डोळे मिटून वाजवायचा, मंग थांबलेलं समजायचं नाय त्याला."

दिनेश त्यांचा मुलगा. कॉलेजात होता. हायवे ओलांडताना गेला. एवढंच मला सांगितलं, आणि मीही पुढे विचारलं नाही. भिंतीवर त्याचा फोटो होता, पण फोटोपुढे नाना कधी थांबलेले दिसले नाहीत. त्यांचा मुलगा त्या एका खणखणाटात होता.

तो गेला त्याच वर्षी खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि सगळ्या गल्लीत नको तेवढा करंट घुसला. बल्ब फुटले, पंखे जळाले. नानांच्या टेपमध्ये तेव्हा नेमकी हीच कॅसेट होती. यंत्रातून धूर निघाला, आतली पट्टी गुंडाळून चिकटली. शहापूरच्या त्या दुरुस्तीवाल्याने दिवसभर बसून पट्टी सोडवली, जळलेला भाग कापला आणि उरलेली दुसऱ्या डबीत भरून दिली. दोन बाजू भरून केलेल्या भजनातला तेवढा शेवट वाचला. नानांनी मग तिच्या नकला करून घेतल्या, एक मंदाकडे मुरबाडला ठेवली. पण त्यांच्या लेखी नकलेत तो टाळ बोथट वाजायचा. अस्सल कॅसेट लोखंडी कपाटात असायची, आणि फक्त एकादशीला, एकदाच लागायची. पट्टी झिजू नये म्हणून दुसऱ्यांदा कधीच नाही. त्या दिवसापासून मला त्यांच्या भिंतीवरच्या यंत्रांचं हसू येईनासं झालं. मिक्सरबद्दल सुनंदाही कधी बोलली नाही.

भिवाच्या भातगिरणीशी त्यांचं भांडण होतं तेही यातूनच. गिरणी आणि आमची गल्ली विजेच्या एकाच डीपीवर. गिरणीची मोटार सुरू झाली की काटा धाडकन खाली यायचा. बरेच दिवस शिवीगाळ झाली, मग भिवाने स्वतः येऊन सांगितलं, "नाना, एकादशीला दिवेलागणीला मी मोटार बंद ठेवीन. बाकीच्या दिवशी तुमी माजं डोकं खायाचं नाय." त्या बोलीवर दोघांचं जमलं. दिवाळीनंतर नवं भात आलं, गिरणीपुढे पोत्यांची रांग लागली, तरी एकादशीच्या संध्याकाळी भिवा गिरणीच्या पायरीवर विडी ओढत बसलेला दिसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, लाइट नाय काय? तो म्हणायचा, "लाइट हाय. नानाचा पोरगा येतोय."

पुढे काही वर्षांनी नानांची तक्रार सुरू झाली. करंट फार गढूळ झालाय. आवाजाला धार राहिली नाही. एका एकादशीला कॅसेट संपल्यावर ते तसेच बसून राहिले आणि मग काकीला म्हणाले, "टाळ वाजलाच नाय."

भिंत मधली एकच. टाळ आम्हाला आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू आला होता.

"मंडळी हसली ते आलं," नाना म्हणाले. "ज्याला हसली ते आलंच नाय. तुला आला?"

 काकी म्हणाली, "नाय. मला पन नाय आला."

"बग. मंजे करंटच." नानांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. करंटवर इलाज होता.

मग इलाज सुरू झाले. नवा स्टॅबिलायझर आला. खड्डा उकरून नवा कोळसा, नवं मीठ पडलं. लाइनमनला बोलावून खांबावरचा जोड घासून घेतला. बॅटरीवर चालणारं एक यंत्र आलं, ते मंदाच्या नवऱ्याने मुंबईहून आणून दिलं. दर वेळी नाना नव्या उमेदीने एकादशीची वाट बघायचे, गिरणी बंद व्हायची, काटा दोनशे तीसवर यायचा, गजर चढायचा, थांबायचा. मग माणसं हसायची. नाना काकीकडे बघायचे, आणि काकी मान हलवायची. नाय.

सुनंदाला हे सोसवेना. एकदा परसात वाल सोलताना ती म्हणाली, "काकी, आम्हाला भिंतीपलीकडे येतो हो ऐकू. तुम्हाला कसा येत नाही?"

काकीने हातातली शेंग खाली ठेवली. "मला येतो गो," ती म्हणाली. "माज्या पोराचा टाळ मला नाय येनार? पन यांना येत नाय. मी येतो म्हटलं, तर हे एकटे पडतील. तो तिकडं गेला, मी पन त्याच्या बाजूला गेले, असं वाटंल यांना. त्यापेक्षा दोगांना नाय आला तर बरं."

सुनंदा घरात आली आणि चुलीपाशी बसून रडली. मीही दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. पोराचा आवाज ऐकायचा, आणि ऐकला नाही म्हणून सांगायचं. महिन्यातून दोनदा. ही बाई हे कसं करत होती, देव जाणे.

खरं तर नानांना नुसता टाळच नव्हे, आणखीही बरंच ऐकू येईनासं झालं होतं. दारावरची कडी, कुकरची शिट्टी, फोन. आम्ही म्हटलं, वय झालं. काकी सगळं सावरून घ्यायची. कडी वाजली की म्हणायची, "बगा, कोन तरी येनारसं वाटतंय," आणि मग नाना उठायचे. आपण उठतो ते काकीमुळे, हे त्यांना कळतही नसे.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. माहुलीवर आभाळ दाटलं आणि दूरवर गडगडायला लागलं. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सवयीने सगळे नानांच्या ओरडण्याची वाट बघत होते. नाना अंगणात खाटेवर बसून चिंचा फोडत होते. पुन्हा गडगडलं. नानांनी चिंचोका काढला, टोपलीत टाकला, दुसरी चिंच घेतली. काकी आतून निघाली, पदराला हात पुसत मुकाट्याने गाण्याच्या खोलीत गेली आणि एकेक प्लग काढून आली. तिने आमच्याकडे बघितलं. सगळ्यांनी आपापल्या घरात जाऊन प्लग काढले.

बोलला तो भिवा. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो गिरणीतून धावत आला आणि म्हणाला, "नाना, आज वरडला नाय ते? माज्या मोटारीचं कायतरी झालं असतं ना!"

"गडगडलं?" नानांनी विचारलं. "कदी?"

भिवाने काकीकडे पाहिलं, आणि मग खाली बघितलं. नाना उठून आत गेले. काढलेले प्लग बघून आले. खाटेवर बसले आणि स्वतःच म्हणाले, "माजे कान गेले." मग म्हणाले, "पन मंग हिचे पन गेले. हिला पन टाळ येत नाय. मंदाला फोन लावा मास्तर. दोगांचे तपासूया."

त्यांची काळजी खरी होती. आपले गेले ते गेले, कारखान्याने खाल्ले. पण हिने काय पाप केलं? असं ते मला दोन-तीनदा म्हणाले. काकी नको नको म्हणाली. माझे चांगले आहेत म्हणाली. "चांगले असते तर टाळ आला असता," नाना म्हणाले.

कल्याणला मंदा मुरबाडहून परस्पर आली होती, मी नाना-काकीला घेऊन गेलो. कानाच्या दवाखान्यात काचेची एक लहान खोली असते. आत बसवून कानांवर हेडफोन लावतात, आणि आवाज आला की बोट वर करायला सांगतात. नाना आत बसले. तपासणारी मुलगी बाहेरच्या यंत्रावर बटणं दाबत होती. नाना ताठ बसले होते, बोट तयार ठेवून, शाळेत उत्तर येत असलेल्या मुलासारखे. बोट फार थोड्या वेळा वर गेलं. बारीक आवाज सुरू झाल्यावर तर गेलंच नाही. ती मुलगी बटणं दाबत राहिली आणि नाना वाट बघत राहिले. मंदा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग काकीची पाळी. ती आत गेली, बसली, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मला तेव्हाच कळलं, ही काय करणार ते. मुलीने बटण दाबलं. बोट आलं नाही. पुन्हा दाबलं. नाही. "आजी, ऐकू आलं की बोट वर करा हं," मुलगी म्हणाली. काकीने मान डोलावली. पुन्हा नाही.

नाना काचेला नाक लावून उभे होते. ते काकीच्या हाताकडे बघतच नव्हते, तोंडाकडे बघत होते. मुलीने आणखी एक बारीक आवाज सोडला. काकीचे डोळे क्षणभर मिटले आणि उघडले. पुढचा आवाज आला, पुन्हा मिटले. एवढंच. माझ्या लक्षातही आलं नसतं. पण दर एकादशीला गजर थांबायच्या वेळी नाना स्पीकरकडची मान वळवून तिच्याकडे बघायचे. तेव्हा तिचे डोळे असेच मिटताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते. त्यांना वाटत होतं, टाळ आला नाही म्हणून ती डोळे मिटते.

"पोरी, बंद कर ते," नाना म्हणाले. "हिला येतंय. सगळं येतंय."

आम्ही गाडीने परत निघालो. पडघा गेला, वाशिंदचा फाटा गेला. मंदा पुढे बसली होती, मी नाना-काकीच्या शेजारी अंग चोरून. आसनगावाच्या जवळ नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला दिन्या येत व्हता आयकू."

"हो."

"दर एकादशीला?"

"हो."

"मंग सांगायचंस."

"काय सांगू?" काकीचा आवाज फुटला. "तुमाला येत नाय, हे सांगू?"

"नाय गो," नाना म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान झालेला ऐकला. "तुला येतो, हे सांगायचंस. एकाला तरी येतो हे कळलं असतं मला. मी समजत व्हतो पोरगा गेला त्यातून पन."

काकी त्यांच्या दंडाला डोकं टेकून रडली. गाडी सापगावात शिरेपर्यंत रडत होती. नानांनी हात हलवला नाही.

कानात घालायचं यंत्र मिळालं. नानांनी ते आठवडाभर प्रामाणिकपणे घातलं. त्यातून त्यांना पंखा ऐकू आला, कावळे ऐकू आले, आमच्या घरातली भांडी ऐकू आली. एकादशीला टाळही आला म्हणे. पण चमचा पडल्यासारखा. "हा दिन्या नाय," ते म्हणाले, आणि यंत्र डबीत घालून ठेवलं.

मग दोघांनी आपापसात एक रीत पाडली. ती मी भिंतीपलीकडून नव्हे, दारातून पाहिली आहे. एकादशीला गिरणी बंद व्हायची, काटा दोनशे तीसवर यायचा. नाना आता स्पीकरकडे तोंड करून बसत नसत, काकीकडे तोंड करून बसत. गजर चढत जायचा. काकी पाटावर बसलेली, हात मांडीवर. आणि मग ती एक बोट वर करायची. नाना ते बोट बघायचे. त्यांचा चेहरा उजळायचा, अगदी खरंच उजळायचा, आणि मागून माणसांचं हसू आलं की तेही हसायचे. इतक्या वर्षांत त्या कॅसेटवर नानांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. गढूळ करंटची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

फार दिवस नाही चाललं हे. भाद्रपदात काकीला ताप आला, तो छातीत उतरला, आणि शहापूरच्या दवाखान्यातून ती परत आली नाही. नाना रडले नाहीत. दिवस होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांशी नीट बोलले. फक्त कडी वाजली की उठत नसत. आम्हीच जाऊन सांगायचो, नाना, कुणी आलंय.

मंदाने त्यांना मुरबाडला न्यायचं ठरवलं. ते नाही म्हणाले नाहीत. यंत्रं विकू नका, एवढंच म्हणाले. दिवाळीच्या आधी ती त्यांना घेऊन गेली, आणि तिथेच वर्षभरात ते गेले. मी मुरबाडला दोनदा भेटायला गेलो, पण तिथले नाना मला आठवत नाहीत. मला आठवते ती इथली शेवटची एकादशी.

त्या दिवशी मी शाळेतून आलो, तेव्हा ते माझ्या दारात उभे होते. अंगात शर्ट होता. "मास्तर, जरा येता काय? तासभर नाय, उलीसं काम हाय," ते म्हणाले. मी गेलो. गिरणी बंद होती. भिवाने आपणहून बंद ठेवली होती. नानांनी पाट मांडला होता, काकीचा. "हितं बसा," ते म्हणाले. "टाळ आला की बोट वर करा."

मला नाही म्हणता आलं नाही. मी बसलो. नाना माझ्यासमोर बसले, माझ्याकडे तोंड करून. गजर सुरू झाला. इतक्या वर्षांत तो मी कितीतरी वेळा ऐकला होता, तरी मी कान देऊन बसलो. समोर ते दोन डोळे माझ्या हातावर लागलेले. गजर चढला, थाप पडली, सगळे थांबले. खण्ण.

मी बोट वर केलं.

नानांनी ते पाहिलं. मागून मंडळी हसली, ते त्यांच्यापर्यंत पोचलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. पण चेहरा तसाच राहिला. टेप थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "उशीर झाला मास्तर."

"नाही नाना," मी म्हटलं, "आला तसं लगेच केलं."

"तसं नाय. तुमची चूक नाय," नाना म्हणाले. "ती आवाजाच्या आदीच बोट करायची. तिला म्हाईत असायचं, आता चुकनार हाय पोरगा."